घडी पडणारा पडदा
(द्वितीय वर्ष बी. ए.)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध संपला आणि खरे सांगायचे तर तेव्हा सुटल्यासारखेच वाटले होते. परंतु आमच्या घरात दोन माणसे अशी आहेत की ज्यांचे पोट ह्याच विषयाच्या आसपास चालले. एक माझी आई आणि दुसरा माझा मामा. दोघांपैकी कुणीही कॉलेजची पायरी चढलेले नाही. त्यांना जे हातांनी ठाऊक आहे ते शब्दांत मांडता येते का, हे पाहावे म्हणून हा खटाटोप.

घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला, झेरॉक्सच्या एका दुकानाच्या पायरीशी मामाचे टेबल आहे. तो मोबाईल दुरुस्त करतो. दुरुस्त करतो म्हणजे बहुतेक वेळा फुटलेली काच बदलतो. गेल्या जुलैत, भर पावसात, एक गृहस्थ त्याच्याकडे घडीचा मोबाईल घेऊन आले. पुस्तकासारखा उघडणारा. आतल्या पडद्याचा उजवा अर्धा भाग चांगला होता, डावा काळाठिक्कर. मामाने फोन हातात घेतला, घडीवरून हलकेच बोट फिरवले आणि परत दिला. म्हणाला, "साहेब, ह्याला मी हात लावत नाही. लावला तर उरलेला अर्धाही जाईल." नवा पडदा घालायचा तर एका चांगल्या साध्या फोनइतका खर्च येईल, हेही त्याने सांगून टाकले.

ते गेल्यावर मी विचारले, "मामा, रोज पाच-पाच काचा बदलतोस की तू. मग हिचीच का नाही?"

"अगं, त्यात काच आहे कुठे? असलीच तर ती काच नाही, कांद्याचं साल आहे."

येथे एक गमतीची गोष्ट सांगून टाकते. मामाच्या धंद्यात मोबाईलच्या पडद्याच्या अख्ख्या जोडणीला 'फोल्डर' म्हणतात. "फोल्डर गेलाय, नवीन टाकावा लागेल," हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले असेल. त्या फोल्डरला घडी मात्र पडत नाही. आणि खरोखर घडी पडणारा पडदा आला, तेव्हा त्याला काय म्हणावे हे धंद्याला अजून सुचलेले नाही.

त्याच दिवशी मामाने मला आणखी एक गोष्ट दाखवली आणि माझा खरा गोंधळ तेथे सुरू झाला. एका साध्या, न दुमडणाऱ्या पण महागातल्या फोनचा मेलेला पडदा त्याने गरम पाट्यावर ठेवला, बारीक तार ओढून वरची काच सोडवली आणि खाली जी काळसर, चकचकीत पट्टी उरली ती माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाकव." मी वाकवली. ती एक्स-रेच्या फिल्मसारखी सहज वाकली. म्हणजे वाकणारा पडदा आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात आधीपासूनच आहे, फक्त तो ताठ काचेला चिकटवून ताठ केलेला आहे!

हे कसे शक्य होते, हे समजून घ्यायला मला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या बाईंकडे तीन वेळा जावे लागले. तिन्ही वेळा त्यांनी न कंटाळता समजावले. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा म्हणजे एक जाड काचेची, आतून निर्वात केलेली नळी. तिच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत पुढच्या काचेवर आपटे आणि काचेवरचा लेप उजळे. ती वाकवण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्यानंतर आला द्रवस्फटिकांचा चपटा पडदा. यात दोन काचांच्या मध्ये काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकाचा थर असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि मागे दिवा असतो. द्रवस्फटिक स्वतः उजळत नाही, मागचा प्रकाश कोठे सोडायचा आणि कोठे अडवायचा एवढेच तो ठरवतो. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर बोट दाबले की तेथे डाग पसरतो हे आपण पाहिले आहे. दोन काचांमधले अंतर जरासे बदलले की चित्र बिघडते. म्हणूनच हा पडदा वाकवायला अतिशय नाठाळ. जाता जाता सांगायला हवे की द्रवस्फटिकांच्या संशोधनातले आपल्याकडचे मोठे नाव, शिवरामकृष्ण चंद्रशेखर, हे नागपूर विद्यापीठाचे एम. एस्सी. तबकडीच्या आकाराच्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक बनतो हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ साली दाखवून दिले.

तिसरा प्रकार म्हणजे स्वतः उजळणारा पडदा. काही सेंद्रिय रसायनांच्या अतिपातळ थरातून वीज सोडली की तो थरच प्रकाश देतो. अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली असा दिवा कमी विजेवर चालवून दाखवला. यालाच आपण ओलेड म्हणतो. यात मागे दिवा नको आणि मध्ये द्रवही नको. उरतात फक्त थर, आणि तेही इतके पातळ की सगळे मिळून केसाच्या जाडीलाही पुरणार नाहीत.

पातळ असण्याला इतके महत्त्व का, हे बाईंनी मला शंभर पानी वहीवर समजावले. वही दोन्ही हातांनी वाकवा. बाहेरच्या बाजूचा भाग ताणला जाऊ पाहतो, आतल्या बाजूचा दाबला जाऊ पाहतो, म्हणून पाने एकमेकांवरून सरकतात आणि कडा तिरकी होते. आता पाने डिंकाने एकमेकांना चिकटवून टाका आणि मग वाकवा. वही वाकणार नाही, वाकलीच तर बाहेरचे पान फाटेल. वस्तू जितकी जाड तितका हा ताण मोठा, आणि वळण जितके आवळ तितकाही मोठा. हिशेब अगदी सोपा आहे. जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचे. काच ३० मायक्रॉनची असेल आणि दीड मिलिमीटर त्रिज्येत वळवली, तर ताण येतो शंभरात एक. खिडकीची ३ मिलिमीटरची काच तेवढ्याच ताणावर आणायची तर वळणाची त्रिज्या १५ सेंटिमीटर हवी, म्हणजे परातीच्या गोलाईएवढी. प्रत्यक्षात खिडकीची काच त्याच्या कितीतरी आधी तडकते, कारण तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात आणि फुटण्याची सुरुवात तेथून होते. पातळ काचेला म्हणून रसायनात बुडवून कणखर करतात. काचेतले सोडियमचे लहान अणू काढून त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे अणू बसवतात. त्या दाटीमुळे पृष्ठभाग आवळला जातो आणि ओरखडा उघडत नाही. आमच्या लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर कुणी बसले की बाकीचे तिघे कसे आवळून बसतात, तसेच काहीसे.

चिकटवलेल्या वहीच्या बरोबर मध्यावर असलेले पान मात्र ताणलेही जात नाही आणि दाबलेही जात नाही. घडीचा पडदा बनवणाऱ्यांची निम्मी हुशारी ह्या एका पानात आहे. वर किती प्लॅस्टिक, खाली किती प्लॅस्टिक, डिंक किती मऊ, हे सगळे अशा बेताने ठरवतात की सर्वांत नाजूक थर, म्हणजे ज्यात वीज खेळते तो, ह्या मधल्या पानाच्या जवळ यावा. हे कळल्यावर मामाच्या कांद्याच्या सालाचा अर्थ मला लागला. त्याची तार, त्याचा गरम पाटा यांनी एक थर जरी निघाला तरी मधले पान मध्ये राहत नाही.

आता असा पडदा बनवतात कसा ते पाहू. मला वाटले होते, प्लॅस्टिकचा कागद घेऊन त्यावर छापत असतील. तसे नाही. सुट्या प्लॅस्टिकवर काम केले तर ते उष्णतेने आकसते, सरकते, आणि इतक्या सूक्ष्म कामात एका मायक्रॉनची सरकही चालत नाही. म्हणून सुरुवात होते ताठ काचेपासून. तिच्यावर पॉलिइमाइड नावाच्या प्लॅस्टिकचे पातळ द्रावण पसरतात आणि चारशे अंशांच्या वर भाजतात. हे ऐकताना मला आमच्या सालपापड्या आठवल्या. तांदळाचे पातळ पीठ ताटलीवर पसरायचे, वाफवायचे, मग कड सोडवून अलगद ओढून काढायचे. ताटलीवर असेपर्यंत पापडी हूंकी चूं करत नाही. येथेही अगदी तेच. काचेवर असलेल्या ह्या पापडीवर आधी सूक्ष्म ट्रान्झिस्टरांची जाळी उभारतात, कारण प्रत्येक ठिपक्याला त्याची वीज मोजून देणारा कुणीतरी हवा. मग निर्वात पेटीत रसायनांची वाफ करून, बारीक भोकांच्या धातूच्या पत्र्यातून ती जागच्या जागी बसवतात. लाल, हिरवा, निळा. मग वरून झाकण. आणि सर्वांत शेवटी पापडी सोडवायची. ती हाताने ओढली तर सगळेच फाटेल, म्हणून काचेच्या मागच्या बाजूने अतिनील लेसरचा झोत फिरवतात. काचेला चिकटलेला प्लॅस्टिकचा अगदी तळचा, मायक्रॉनहूनही पातळ भाग त्याने जळतो आणि पापडी सुटते.

मधले 'वरून झाकण' हे दोन शब्द मी घाईने लिहून गेले, पण सगळ्यांत कठीण काम तेच आहे. उजळणाऱ्या ह्या रसायनांना पाण्याचा कण सोसत नाही. ओल लागली की तेथे काळा ठिपका पडतो आणि तो वाढत जातो. साध्या प्लॅस्टिकच्या एक चौरस मीटर कागदातून दिवसाला ग्रॅमच्या हिशेबात ओल आत शिरते. ओलेडच्या झाकणातून मात्र दिवसाला ग्रॅमचा दशलक्षांश भागच जावा अशी अपेक्षा असते. ह्या वेगाने एक ग्रॅम पाणी आत जायला सुमारे २७०० वर्षे लागतील! ताठ फोनमध्ये हे काम वरची काच करू शकते. वाकणाऱ्या पडद्यात काच नको, म्हणून काचेसारख्या कठीण पदार्थाचा एक पातळ थर, त्यावर मऊ प्लॅस्टिकचा, पुन्हा कठीण, अशी उतरंड रचतात. कठीण थराला बारीक भेग गेलीच तर मऊ थर ओलीला लांबचा वळसा घालायला लावतो. मुंबईच्या पावसात भिंतीला भेग असली की आतल्या खोलीत ओल कोठून उगवेल सांगता येत नाही, हे चाळीत राहणाऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही. त्या गृहस्थांच्या फोनचे काय झाले होते हे मामाने उघडून पाहिले नाही, पण त्याचा संशय घडीतून शिरलेल्या पावसावरच आहे.

१९८७ साली शोध लागला. मुद्दाम बाकदार केलेल्या पडद्याचे पहिले फोन कोरियातून २०१३ साली आले आणि घडी पडणारे २०१९ च्या सुमारास. सॅमसंगचा पहिला घडीचा फोन त्या वर्षी एप्रिलमध्ये समीक्षकांना पाहायला दिला, तेव्हा काहींनी वरचे प्लॅस्टिक म्हणजे नव्या फोनवरचे साधे आवरण समजून सोलून काढले आणि पडदे बंद पडले. फोन बाजारात यायला सप्टेंबर उजाडला. अतिपातळ काचेचा घडीचा फोन त्यांनी २०२० साली आणला. इतकी वर्षे आणि इतका पैसा ओतल्यावरही घडीच्या जागी पडद्यावर एक बारीक दरी दिसतेच. आणि ज्या कोडॅकने शोध लावला तिने तो धंदा २००९ साली कोरियाच्या एलजीला विकला आणि २०१२ साली स्वतः दिवाळखोरीचा अर्ज केला. शोध लावणे ही एक गोष्ट आणि वर्षानुवर्षे नुकसान सोसून तो बनवत राहणे ही दुसरी, एवढे मला यावरून कळले. विजेवर चालणारा कागद, ज्यावर पुस्तके वाचतात, त्याचीही कहाणी अशीच लांबलचक आहे, ती येथे सांगत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. अंधेरी पूर्वेला मरोळच्या औद्योगिक वसाहतीला लागून सीप्झ आहे. नाव सांताक्रूझचे, पत्ता अंधेरीचा. १९७३ साली केंद्र सरकारने ही वसाहत उभारली ती केवळ इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून परदेशी पाठवण्यासाठी. हिरे आणि दागिन्यांच्या कारखान्यांना तेथे परवानगी मिळाली ती १९८७-८८ मध्ये. आज सीप्झ म्हटले की लोकांना दागिने आणि संगणकाची कामे आठवतात, पण माझ्या आईला आठवते सूक्ष्मदर्शकाची निळसर काच. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे, १९९६ पासून, ती तेथे एका कारखान्यात होती. कारखाना आता नाही, म्हणून नाव लिहीत नाही. घाटकोपरहून बस, साकीनाक्याची गर्दी, गेटवर पिशवीची तपासणी आणि मग आठ तास खाली मान. सिलिकॉनच्या तुकड्यापासून बाहेरच्या पायापर्यंत सोन्याची तार जोडायची. ती तार सुमारे २५ मायक्रॉनची. घडीच्या फोनमधली काच ३० मायक्रॉनची असते हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्या तारेएवढीच की!" माझ्या लेखातली सगळी मापे घरात एका माणसाला नुसत्या नजरेने ठाऊक होती, आणि मी ती शोधायला बाईंकडे तीन खेपा घातल्या.

मग असा पडदा आपल्याकडे का बनला नाही? प्रयत्नच झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता आणि एके काळी घराघरांत त्यांचे संच होते. २००५ साली ह्या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा सगळा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन येथले कारखाने मराठवाड्यातल्या एका कंपनीच्या हाती आले. पण ते आले नेमके कधी, तर चपटे पडदे बाजारात शिरत असताना. थोड्याच वर्षांत पिक्चर ट्यूब कुणी विचारीना आणि २०१८ साली कंपनीच दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. इतिहासाच्या तासाला आम्ही उशिरा जिंकलेल्या किल्ल्यांविषयी शिकतो, तशातलीच ही गोष्ट मला वाटते. त्यानंतर २०१६ च्या सुमारास वेदान्त समूहाच्या ट्विनस्टार कंपनीने नागपूरजवळ बुटीबोरीला चपट्या पडद्यांचा कारखाना काढण्याची घोषणा केली. तो उभा राहिला नाही. २०२२ मध्ये वेदान्त आणि फॉक्सकॉन यांच्या चिप आणि पडद्यांच्या कारखान्यासाठी तळेगावचे नाव घेतले जात होते. सप्टेंबरात करार झाला तो गुजरातशी. मी तेव्हा अकरावीत होते. वर्तमानपत्रांतून केवढे वादळ उठले होते! पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले आणि ज्याच्यासाठी भांडण झाले तो संयुक्त कारखानाच राहिला नाही.

विद्येची उणीव होती असेही म्हणवत नाही. आमच्यापासून चार-पाच मैलांवर पवईच्या आय. आय. टी.त २००६ पासून, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या जोडीने, नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहे. लवचिक इलेक्ट्रॉनिक्ससाठीच म्हणून एक राष्ट्रीय केंद्र २०१४ साली कानपूरच्या आय. आय. टी.त निघाले. परंतु प्रयोगशाळेत तळहाताएवढा एक पडदा उजळणे आणि दीड मीटर रुंद, जवळजवळ दोन मीटर लांब काचेवर एका वेळी शेकडो फोनांचे पडदे घालणे, यांत फार अंतर आहे. एक धुळीचा कण बसला की त्या जागचा पडदा गेला. वीज मिनिटभर गेली की निर्वात पेटीतला सगळा माल गेला. सुरुवातीच्या काळात चांगल्यापेक्षा फुकट गेलेलाच माल जास्त निघतो आणि तो फेकत फेकत हात बसवावा लागतो. माझे मत असे की आपल्याकडे हात बसलेली माणसे होती. आईच्या ओळीत ती धरून पंचवीस मुली होत्या. कारखाना बंद झाल्यावर त्यांतल्या काही दागिन्यांकडे गेल्या, काही घरी बसल्या, आई पोळीभाजीचे डबे करू लागली. त्या हातांना पुढचे काम शिकवणारे कुणी आले नाही. घोषणेच्या आकड्यांत किती कोटी ते असते, असे हात किती आहेत हे कुणी मोजल्याचे माझ्या वाचनात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मामा मनीष मार्केटच्या भंगारातून घडीच्या फोनचा एक मेलेला पडदा घेऊन आला. कशाला, असे विचारले तर म्हणाला, "उघडून तर बघू. आज ना उद्या हे टेबलावर येणारच." रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर त्याने तो पाटावर ठेवला आणि ड्रायरची गरम हवा देत एक एक थर सोडवू लागला. वरचे प्लॅस्टिक नीट निघाले. काच निघाली ती भुगा होऊनच. खालची पापडी मध्येच फाटली. "बघ, म्हटलं नव्हतं?" असे तो मलाच म्हणाला, जणू मी काही पैज लावली होती.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने मामाचे भिंग उचलले आणि फाटलेल्या पापडीच्या कडेला, जेथे पडद्यातल्या सगळ्या तारा गोळा होऊन एका पट्टीला जोडलेल्या असतात, तेथे धरले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या मोजता यायच्या. ह्या मोजता येत नाहीत."

"ताई, चहा टाकतेस ना?" मामाने विचारले.

"टाकते," आई म्हणाली. "आधी तो टॉर्च इकडे दे."